तंबाखूवरील भूतलक्षी शुल्क आणि करन्याय : भंडारा जिल्ह्याच्या विडी-उद्योगाशी निगडित एका निर्णयाचे परीक्षण

करविषयक कायद्यांच्या अभ्यासात दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. अमुक कर बसविण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे काय, हा एक प्रश्न; आणि तो अधिकार अमुक रीतीने वापरणे न्याय्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर न्यायालय देते व ते बंधनकारक असते. दुसऱ्याचे उत्तर देणे हे बहुधा न्यायालयाचे काम नसते. तथापि पहिल्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही उत्तर त्यातच मिळाले, अशी समजूत प्रशासनात व पुढे लोकमतातही रूढ होत जाते. भूतलक्षी करांच्या बाबतीत, म्हणजे होऊन गेलेल्या व्यवहारांवर मागाहून लागू होणाऱ्या करांच्या बाबतीत, ही गल्लत विशेष हानिकारक ठरली आहे. तिचा उगम शोधू गेल्यास जे काही प्रमुख निर्णय समोर येतात, त्यांपैकी एकाचे नाव गोंदियाच्या विडी-व्यवसायाशी जोडलेले आहे.

छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी विरुद्ध भारत सरकार हा तो खटला होय. त्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१च्या डिसेंबरात दिला व १९६२च्या निर्णयसंग्रहांत तो प्रसिद्ध झाला. अपीलकर्ती पेढी ज्या नावाने ओळखली जाते, ते नाव गोंदियाच्या विडी-उद्योगात सर्वपरिचित आहे. गोंदिया त्या काळी भंडारा जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण होते. स्वतंत्र गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. व्यवहार घडले तेव्हा, १९५१ साली, भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्याचे उच्च न्यायालय नागपूरला होते. अंतिम निर्णय लागला तोपर्यंत जिल्हा प्रथम द्विभाषिक मुंबई राज्यात व नंतर महाराष्ट्रात आला होता. राज्ये बदलली, मागणी मात्र तीच राहिली.

१. खटल्याची हकीकत

तंबाखूवरील केंद्रीय उत्पादन-शुल्क युद्धकाळात, १९४३ साली, प्रथम लागू झाले व पुढील वर्षी ते उत्पादन-शुल्क व मीठ अधिनियमात समाविष्ट झाले. या शुल्काची वसुली वखारीच्या दारात होत असे. परवानाधारक वखारीत कच्चा तंबाखू शुल्क न भरता साठविता येई. तो बाहेर काढण्याच्या वेळी, त्या दिवशी लागू असलेल्या दराने शुल्क भरावे लागे. भंडारा जिल्ह्यातील विडी-कारखानदारीचे सारे गणित या दाराशी बांधलेले होते. पान जिल्ह्यातीलच जंगलातून मिळे. तंबाखू मात्र गुजरातच्या चरोतर भागातून व निपाणीच्या बाजूने रेल्वेने येई. पानाला परिसर, तंबाखूला भांडवल आणि वळणाऱ्या हातांना खेडी, अशी या उद्योगाची रचना होती.

२८ फेब्रुवारी १९५१ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या अंदाजपत्रकाबरोबर वित्त-विधेयक संसदेत मांडले गेले. त्यात तंबाखूवरील शुल्कात बदल सुचविलेला होता. विधेयक मांडले म्हणजे कायदा झाला असे नव्हे. परंतु १९३१च्या करांच्या हंगामी वसुलीविषयीच्या अधिनियमाने सरकारला अशी मुभा दिलेली होती की, सीमाशुल्क व उत्पादन-शुल्क यांसंबंधीच्या विधेयकातील तरतुदींना लगेच हंगामी अंमल द्यावा. त्यानुसार विधेयकातील दर १ मार्चपासून वसूल होऊ लागले. मार्च व एप्रिल या दोन महिन्यांत व्यापाऱ्यांनी त्या दराने शुल्क भरून तंबाखू वखारीबाहेर काढला आणि त्याच्या विड्या वळून घेण्यास आरंभ केला.

२८ एप्रिल रोजी वित्त-अधिनियम संमत झाला. संसदेत विधेयकावर विचार होत असता तंबाखूवरील शुल्काचा दर विधेयकातील दरापेक्षा वाढविण्यात आला होता. वाढीव दर २८ एप्रिलपासून पुढे लागू झाला असता तर खटला उद्भवलाच नसता. परंतु अधिनियमाच्या सातव्या कलमाने हे बदल १ मार्चपासूनच अमलात होते असे मानावे, असे सांगितले आणि फरकाच्या वसुलीची वाट मोकळी केली. दोन महिन्यांपूर्वी रीतसर शुल्क भरून बाहेर गेलेल्या तंबाखूवर आता फरकाच्या रकमेची मागणी आली.

पहिली मागणी शुल्कनियमांतील दहाव्या नियमाखाली झाली. तो नियम अधिकाऱ्याच्या अनवधानाने, चुकीने वा संगनमताने, अथवा मालकाने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे शुल्क कमी आकारले गेले असल्यास ते वसूल करण्यासंबंधीचा होता. येथे कोणाचीही चूक नव्हती. ज्या दिवशी जो दर होता तो अचूक आकारला गेला होता व अचूक भरला गेला होता. नागपूर उच्च न्यायालयाने या कारणास्तव त्या नोटिसा रद्द केल्या. तेव्हा सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस नियमांत ‘१०-अ’ हा नवा नियम घातला. ज्या येणे रकमेच्या वसुलीची अन्यत्र तरतूद नाही, ती वसूल करण्याचा सर्वसाधारण अधिकार त्याने अधिकाऱ्यांना दिला. पुन्हा नोटिसा निघाल्या. या वेळी उच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांच्या याचिका फेटाळल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२. निर्णयाची बांधणी

अपीलकर्त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता : उत्पादन-शुल्क हा अप्रत्यक्ष कर आहे, उत्पादक तो भरतो, परंतु किमतीत मिळवून ग्राहकाकडून तो परत मिळवितो. जो माल विकला गेला त्यावर मागाहून बसविलेले शुल्क असे पुढे ढकलता येत नाही. ते उत्पादकाच्याच गाठीचे जाते. म्हणून भूतलक्षी उत्पादन-शुल्क हे उत्पादन-शुल्कच राहत नाही. त्याचे स्वरूप पालटते आणि त्या शीर्षकाखालील अधिकाराने ते बसविता येत नाही.

न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले नाही. उत्पादन-शुल्क हा वस्तूच्या उत्पादनावरील कर आहे, आणि भार पुढे ढकलता येणे हे त्याचे सर्वसाधारण आर्थिक लक्षण असले तरी त्याचे कायदेशीर सत्त्व नव्हे. एखाद्या उत्पादकाला भार पुढे ढकलता आला नाही म्हणून कराची जात बदलत नाही. कायदा करण्याच्या अधिकारात तो मागील तारखेपासून लागू करण्याचा अधिकारही येतो. संविधानाने अपवाद केला आहे तो फौजदारी शिक्षेपुरता, विसाव्या अनुच्छेदात. मूलभूत हक्कांच्या आधारे घेतलेला आक्षेपही टिकला नाही, आणि नियम १०-अ या वसुलीला पुरेसा आहे असे ठरले.

कायद्याच्या तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे. कराची जात त्याच्या विषयावरून ठरवावी, परिणामावरून ठरवू नये, हे तत्त्व सोडले तर विधिमंडळांच्या अधिकारांची वाटणीच डळमळीत होईल. मंदीच्या काळात कोणताच उत्पादक कर पुढे ढकलू शकत नाही. म्हणून मंदीत उत्पादन-शुल्क घटनाबाह्य ठरते असे कोणी म्हणणार नाही. अपीलकर्त्यांनी न्याय्यतेचा प्रश्न अधिकाराच्या भाषेत मांडला, कारण त्या काळच्या विचारात न्यायालयाच्या दाराशी तीच भाषा चालत होती. त्या भाषेत ते हरले. परंतु त्यांच्या तक्रारीचा जो खरा आशय होता, तो त्या भाषेत मावणाराच नव्हता.

३. निर्णयाने न तपासलेला मुद्दा

तो आशय शोधावयाचा तर १९३१चा अधिनियम पुन्हा पाहावा लागतो. २०२३ साली नव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली; परंतु जवळजवळ शतकभर अंदाजपत्रकी वसुलीचा तोच आधार होता. विधेयक व अधिनियम यांच्या दरम्यानच्या काळाचा विचार त्या कायद्याने केला होता. विधेयकातील दर पुढे कमी झाला, तर जास्त घेतलेली रक्कम परत करावी, अशी स्पष्ट तरतूद त्यात होती. दर पुढे वाढला तर फरक वसूल करावा, अशी तरतूद मात्र त्यात नव्हती.

हे मौन अर्थपूर्ण आहे. विधेयक बदलू शकते हे व्यापाऱ्याला माहीत होते, म्हणून त्याने सावध राहावयास हवे होते, असे सरकारच्या बाजूने म्हणता येते, आणि तो युक्तिवाद पोकळ नाही. परंतु ज्या कायद्याने त्याला मार्च महिन्यात शुल्क भरावयास लावले, त्याच कायद्याने बदलाचे परिणाम काय होतील हेही सांगून ठेवले होते. आणि ते परिणाम एकाच दिशेचे, परताव्याचे होते. म्हणून पुढे दर बदलू शकतो एवढी सूचना व्यापाऱ्याला होती. भरून संपलेला दर बदलू शकतो, ही सूचना नव्हती. संसदेला हे मौन मोडण्याचा अधिकार होता यात वाद नाही. पण ते मागील तारखेपासून मोडणे म्हणजे खेळ संपल्यावर नियम पुरा करणे होय. नियम १०-अ याने तेच कार्य आणखी एक पायरी खाली केले. उच्च न्यायालयाने वसुलीची वाट नाही असे म्हटल्यावर ती वाट कार्यकारी सत्तेने बांधली, आणि तीही आधीच्या व्यवहारांपर्यंत पोचणारी.

सरकारच्या बाजूचा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. २८ एप्रिलनंतर वाढीव शुल्काने विडीची किंमत वाढली असता, ज्यांच्याजवळ मार्च-एप्रिलमध्ये कमी दराने सोडविलेला तंबाखू वा त्याच्या विड्या शिल्लक होत्या, त्यांना आयताच नफा झाला असता. तो नफा त्यांच्या श्रमाचा वा कौशल्याचा नसून केवळ तारखेचा. अशा नफ्यावर शासनाने हक्क सांगितला तर त्यात अन्याय नाही. तथापि हा युक्तिवाद भूतलक्षी शुल्काला आधार देत नाही. तो एका वेगळ्या उपायाकडे बोट दाखवितो. २८ एप्रिल रोजी ज्याच्या हाती जेवढा शुल्क भरलेला तंबाखू वा तयार माल शिल्लक होता, त्यावर फरकाचे शुल्क घेता आले असते. शिल्लक साठ्यावरील असा कर पुढे ढकलता येतो, कारण तो माल अजून विकावयाचा असतो. त्याने आयता नफा शासनाकडे येतो आणि विकून संपलेल्या मालाला धक्का लागत नाही. भूतलक्षी शुल्काने मात्र दोन्हींना एकाच मापाने मोजले : ज्याच्या वखारीबाहेर माल पडून होता त्यालाही, आणि ज्याच्या मालाचा कधीच धूर झाला होता त्यालाही. अधिक जवळचा व कमी दुखावणारा मार्ग उपलब्ध असता दूरचा व अधिक दुखावणारा मार्ग निवडला गेला, ही या कायद्यावरील खरी टीका होय.

४. सट्टेदाराचे स्थान

खटला परवानाधारक वखारमालकांचा होता, आणि फरकाची नोटीसही त्यांनाच आली. म्हणून हा श्रीमंत व्यापारी व सरकार यांच्यातील झगडा आहे, त्यात सामान्य माणसाचा संबंध नाही, असे वाटण्याचा संभव आहे. विडी-उद्योगाची रचना लक्षात घेता हा समज टिकत नाही.

भंडारा जिल्ह्यासह या साऱ्या प्रदेशात कारखानदार व विडी वळणारा यांच्यामध्ये सट्टेदार उभा असतो. कारखान्याकडून तो तंबाखू व कित्येकदा पानही मोजून घेतो. खेड्यातील घरोघर ते वाटतो. तयार विड्या गोळा करून कारखान्यात देतो. तेथे त्यांची छाननी होते, कमी प्रतीच्या विड्या छाटल्या जातात आणि उरलेल्यांचे दर हजारी हिशेबाने पैसे मिळतात. त्यातून वळणाऱ्यांची मजुरी चुकती करून जे राहील ते त्याचे. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात या सट्टेदाराची कायदेशीर ओळख ठरविली. तो कारखाना अधिनियमाखालचा कामगार नव्हे, तो स्वतंत्र कंत्राटदार होय, असे न्यायालयाने म्हटले; कारण काम कोठे, केव्हा व कोणाकडून करवावे हे तोच ठरवितो.

ही व्याख्या कारखाना अधिनियमापुरती योग्य असेल. परंतु ‘स्वतंत्र’ या शब्दात जे आर्थिक स्वातंत्र्य गृहीत आहे, त्याचा मागमूस सट्टेदाराच्या व्यवहारात नाही. तंबाखूची किंमत तो ठरवीत नाही, विडीची किंमत तो ठरवीत नाही, छाटणीचे प्रमाणही त्याच्या हाती नाही. व्यापाऱ्याची जोखीम त्याच्या वाट्याला येते. व्यापाऱ्याचे साधन, म्हणजे किंमत बदलण्याची शक्ती, येत नाही.

आता भूतलक्षी शुल्काचा मार्ग पाहावा. पुढे लागू होणारे शुल्क वाढले तर कारखानदार विडीची किंमत वाढवितो आणि ग्राहक ते भरतो. अपीलकर्त्यांनीच हे सांगितले आहे. मागील तारखेच्या शुल्काला मात्र ग्राहक सापडत नाही. ज्याने मार्चमध्ये विडी ओढली त्याच्याकडे मे महिन्यात पैसे मागता येत नाहीत, आणि चालू मालाची किंमत वाढवावी तर तो भार न आलेला प्रतिस्पर्धी स्वस्त विकतो. तेव्हा तो भार एकतर कारखानदाराच्या भांडवलातून जातो, किंवा ज्यांचा मोबदला तो ठरवितो त्यांच्याकडे सरकतो. दर हजारी दरात थोडी कपात, छाटणीत थोडी कडकपणा, हिशेब चुकता करण्यात थोडी दिरंगाई, एवढ्याने तो सरकू शकतो. आणि त्यासाठी ना नोटीस लागते, ना नियम १०-अ लागतो. ज्याचा करार तोंडी आणि ज्याचे दुसरे गिऱ्हाईक कोसावर, त्याच्याकडे दाद मागण्याचे साधनही नाही. अप्रत्यक्ष कर वरून खाली ग्राहकाकडे वाहतो असे पाठ्यपुस्तकांत असते. ग्राहकाची वाट बंद झाली की तो श्रमाकडे वळण्याचा धोका असतो. न्यायालयाने भार पुढे ढकलण्याचा प्रश्न कराच्या जातीपुरता अप्रस्तुत ठरविला ते ठीकच. न्याय्यतेच्या दृष्टीने मात्र तोच मुख्य प्रश्न आहे.

सट्टेदाराच्या आडून कारखानदार जबाबदारी टाळतो, हे पुढे संसदेनेही ओळखले. १९६६च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांची व घरी विड्या वळणाऱ्यांची जबाबदारी प्रमुख मालकापर्यंत पोचविली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो कायदा उचलून धरला. कामगार-कायद्याने बाह्य रूपापलीकडे पाहण्याचे जे धैर्य दाखविले, ते कर-कायद्याने त्याच काळात दाखविले नाही. कच्च्या तंबाखूवरील शुल्क १९७९ साली रद्द झाले व वखारीच्या दारावरील तो प्रश्न इतिहासजमा झाला. त्यातून निघालेले तत्त्व मात्र चालू राहिले.

५. तत्त्वाचा पुढील प्रवास

छोटाभाई खटल्यातील काळ दोन महिन्यांचा होता. तत्त्व एकदा मान्य झाले की काळाची मर्यादा त्याला आपोआप पडत नाही, याचे प्रत्यंतर लवकरच आले. बिहारात प्रवासी व मालवाहतुकीवर १९५० साली बसविलेला कर १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीअभावी अवैध ठरविला. राज्याने १९६१ साली नवा अधिनियम करून तो १ एप्रिल १९५०पासून लागू केला. मोटार-वाहतूकदारांनी राय रामकृष्ण यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात सांगितले की, अकरा वर्षांपूर्वीचे प्रवासी शोधून त्यांच्याकडून कर घेणे अशक्य आहे. १९६३ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निर्णयात हा आक्षेप अमान्य झाला. केवळ काळाची लांबी ही निर्णायक कसोटी नव्हे, असे त्यात म्हटले आहे. तथापि या खटल्यात व छोटाभाई खटल्यात एक महत्त्वाचे अंतर आहे. बिहारच्या वाहतूकदारांना कर आहे हे पहिल्यापासून माहीत होते. तो वैध नाही हे मागाहून कळले. तेथे मागील कायद्यातील दोष दुरुस्त झाला. गोंदियाच्या प्रकरणात दुरुस्त करावयास दोषच नव्हता. दर वाढविण्याची इच्छा तेवढी होती. वैधीकरण आणि वाढ या दोन भिन्न गोष्टी एकाच तत्त्वाच्या छत्राखाली आल्या, ही या निर्णयपरंपरेतील उणीव आहे.

छत्राला एक छिद्र १९८४ साली पडले. म्हैसूर राज्याने मद्यावरील विक्रीकराचा परतावा देण्याची न्यायालयीन आज्ञा निष्फळ करण्यासाठी विक्रीकराचा दर मागील तारखेपासून साडेसहा टक्क्यांवरून पंचेचाळीस टक्क्यांवर नेला होता. डी. कावसजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दरवाढ रद्द केली. कायद्यातील दोष काढून टाकणे निराळे आणि निर्णयाचा परिणाम पुसण्यासाठी दर फुगविणे निराळे, हा भेद येथे स्पष्ट झाला. नियम १०-अ याच्या जन्मकथेला ही कसोटी लावून पाहणे उद्बोधक आहे.

भूतलक्षी परिणाम नेहमी भूतलक्षी कायद्यानेच होतो असेही नाही. महाराष्ट्रात बांधकाम चालू असलेल्या सदनिकांच्या विक्रीवर मूल्यवर्धित कर लागतो की नाही हा वाद मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली राज्याच्या बाजूने सोडविला व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लार्सन आणि टुब्रो खटल्यात तीच दिशा कायम केली. कायदा २० जून २००६पासून तसाच होता. परंतु वसुली २०१२ साली सुरू झाली, तेव्हा पुष्कळ सदनिकांचे ताबे देऊन झाले होते आणि लहान बांधकाम-कंत्राटदाराला जुन्या गिऱ्हाइकाच्या दाराशी जावे लागले. येथे दोष कायद्याच्या तारखेत नसून शासनाच्या दीर्घ मौनात आहे.

याउलट टोकाचे उदाहरण २०१२च्या वित्त-अधिनियमाचे. व्होडाफोन कंपनीच्या बाजूने लागलेला निर्णय निष्प्रभ करण्यासाठी आयकर कायद्यात १ एप्रिल १९६२पासून लागू होणारे स्पष्टीकरण घातले गेले. पन्नास वर्षे मागे जाणारा हा कायदा विदेशी भांडवलाच्या व आंतरराष्ट्रीय लवादांच्या दबावानंतर २०२१ साली संसदेने मागे घेतला. भारतीय करदात्याने यातून जो बोध घ्यावयाचा तो फारसा सुखद नाही : लवादाकडे जाण्याचे साधन असलेल्याला जे मिळाले, ते वखारमालकाला मिळाले नव्हते आणि सट्टेदाराला मागताही आले नसते.

स्वतंत्र कंत्राटदारांवरील भूतलक्षी कराचा वाद इंग्लंडातही गाजला. तेथील २००८च्या वित्त-अधिनियमाच्या अठ्ठावन्नाव्या कलमाने, परदेशी भागीदारीच्या आडोशाने कर टाळणाऱ्या व्यावसायिकांची पळवाट पूर्वीपासूनच बंद होती असे घोषित केले. २०११ साली अपील न्यायालयाने ते वैध ठरविले. पुढे कर्जाच्या रूपाने मोबदला घेणाऱ्या कंत्राटदारांवर १९९९पर्यंत मागे जाणारा भार घालण्यात आला. २०१९च्या अखेरीस झालेल्या पुनर्विचारात तो ९ डिसेंबर २०१०नंतरच्या कर्जांपुरता मर्यादित झाला. या कंत्राटदारांची बाजू गोंदियाच्या व्यापाऱ्यांइतकी स्वच्छ नाही. करारातील क्लृप्तीवर विसंबणारा आणि सरकारने सांगितलेला दर सरकारच्याच अधिकाऱ्याकडे भरणारा, यांच्या अपेक्षांना एकच वजन देता येत नाही. तरीही मर्यादा घालावीशी तेथील शासनाला वाटली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

६. न्याय्यतेच्या कसोट्या

या साऱ्या विवेचनावरून चार कसोट्या निघतात. पहिली, सूचनेची : व्यवहार करताना कराची शक्यता कायद्यातूनच दिसत होती काय? दुसरी, हेतूची : जुना दोष दुरुस्त होत आहे की नवा भार मागे नेला जात आहे? तिसरी, भाराच्या मार्गाची : कर भरणाऱ्याला तो पुढे ढकलता येतो काय, आणि येत नसल्यास तो कोणाच्या अंगावर सरकेल? चौथी, पर्यायाची : तोच महसूल कमी दुखावणाऱ्या रीतीने मिळण्याजोगा होता काय? या कसोट्या लावता १९५१ची तरतूद पहिल्या तीन ठिकाणी उणी पडते आणि चौथ्या ठिकाणी, शिल्लक साठ्यावरील कराचा पर्याय पाहता, तिचे समर्थनच उरत नाही. तिच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येते, की काळ थोडा होता.

सौम्य मार्ग अशक्य नसतो, याचा दाखला अलीकडचाच आहे. खनिजांवर कर बसविण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी मान्य केला. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तेव्हा हा प्रश्नही जिल्ह्याला परका नाही. मागील वसुलीसंबंधी त्याच पीठाने १४ ऑगस्ट रोजी सांगितले की, १ एप्रिल २००५पूर्वीच्या व्यवहारांवर मागणी करू नये, वसुली १ एप्रिल २०२६पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत व्हावी, आणि निर्णयापूर्वीच्या काळाचे व्याज व दंड माफ असावेत. राज्यांचा अधिकार अबाधित राहिला आणि त्याची धारही बोथट केली गेली. छोटाभाई खटल्यात अधिकाराचा निर्णय लागला तेव्हा धारेचा विचार कोणी केला नाही. संसदेनेही नाही आणि न्यायालयानेही नाही.

२०१४ साली वाटिका टाउनशिप खटल्यात घटनापीठाने म्हटले की, कायदा पुढे पाहतो, मागे पाहत नाही, हे सर्वसाधारण गृहीत आहे. परंतु हे गृहीत संसदेने स्पष्ट शब्द वापरताच गळून पडते. म्हणून न्याय्यतेचे रक्षण अखेर कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनाच करावे लागेल. कर मागे नेण्याची तरतूद लिहिताना तो कोणाच्या वखारीच्या दाराशी थांबेल एवढेच पाहणे पुरेसे नाही. त्या दारातून तंबाखू घेऊन जो माणूस खेड्याकडे निघतो, त्याचा हिशेब दर हजारी असतो आणि तो मागील महिन्याचा चुकता झालेला असतो, हेही त्यांनी पाहिले पाहिजे.